गुन्हेगार जमातींच्या नोंदवह्या आणि मुंबई राज्यातील निरसनाचे कायदे : अहमदनगर जिल्ह्याच्या संदर्भात

१९४९ साली मुंबई सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा आपल्या प्रांतापुरता रद्द केला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो सर्व देशातून गेला. या दोन घटनांचा उल्लेख करताना 'कलंक पुसला गेला' असा शब्दप्रयोग करण्याची रीत पडून गेली आहे. भावनेच्या दृष्टीने तो योग्यच होय. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने तो जसाच्या तसा स्वीकारू नये. कायद्याचे निरसन होणे ही एक क्रिया आहे आणि त्या कायद्यान्वये लिहिली गेलेली नोंद पुसली जाणे ही दुसरी. पहिली क्रिया विधिमंडळात होते, दुसरी कचेरीत आणि पोलीस ठाण्यात व्हावी लागते. मुंबई राज्यात पहिली झाली. दुसरीसाठी कोणती तरतूद होती, आणि ती नसल्यामुळे काय घडले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. उदाहरणे शक्य तेथे अहमदनगर जिल्ह्यातून घेतली आहेत. या जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर असे बदलले. येथे मात्र काळास अनुसरून जुनेच नाव ठेवले आहे.

या जिल्ह्यात पोलिसी नोंदीचा व वहिमाचा इतिहास १८७१ च्या कायद्यापेक्षा जुना आहे. नाशिक जिल्हा १८६९ मध्ये वेगळा होईपर्यंत सिन्नरचा मुलूख अहमदनगरच्या कलेक्टरीत मोडत असे. तेथील नांदूर शिंगोटे गावचा भागोजी नाईक हा भिल्ल पुढारी प्रथम अहमदनगरच्या पोलिसांतच नोकरीस होता. १८५५ मध्ये दंगा केल्याबद्दल व पोलिसांस अडथळा केल्याबद्दल त्यास शिक्षा झाली. शिक्षा भोगून तो सुटला, तेव्हा एक वर्षाच्या चांगल्या वर्तणुकीबद्दल जामीन देण्याचा हुकूम त्याच्यावर झाला. ते वर्ष संपते न संपते तोच सरसकट निःशस्त्रीकरणाचा हुकूम निघाला आणि भागोजी गाव सोडून डोंगरात गेला. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी त्याच्यावर चालून गेलेला जिल्ह्याचा पोलीस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री मारला गेला. पुढे नोव्हेंबर १८५९ मध्ये फ्रँक सूटरच्या तुकडीशी झालेल्या चकमकीत भागोजीही पडला. या प्रकरणाकडे सामान्यतः सत्तावनच्या उठावाचा एक भाग म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातील लहानशी बाब अधिक महत्त्वाची आहे. भोगून संपलेली शिक्षा संपलेली मानली गेली नाही. तिच्या पाठोपाठ वर्तणुकीचा जामीन आला. एकदा दप्तरात गेलेले नाव पुढील कारवाईचे कारण होते, ही रीत त्या काळी रुळलेली होती.

१८७१ च्या सत्ताविसाव्या कायद्याने या रीतीस सामुदायिक रूप दिले. प्रथम तो वायव्य प्रांत, अयोध्या व पंजाब या भागांपुरता होता. मुंबई इलाख्यास तो १९११ च्या कायद्याने लागू झाला आणि १९२४ च्या सहाव्या कायद्याने त्यास अखेरचे स्वरूप आले. त्याची कार्यपद्धती नीट ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुढील सर्व गुंतागुंत तिच्यातूनच उत्पन्न झाली. एखादी जमात, टोळी अथवा वर्ग जामीन न मिळण्याजोगे गुन्हे पद्धतशीरपणे करण्यास सरावलेला आहे असे मानण्यास कारण आहे, असे प्रांतिक सरकारास वाटले की सरकारने जाहीरनामा काढावयाचा. त्या जाहीरनाम्याच्या ग्राह्यतेविषयी न्यायालयात शंका घेता येत नसे. नंतर जिल्हा मॅजिस्ट्रेटने त्या जमातीतील लोकांची नोंदवही तयार करावयाची. लोकांना नोटिशीने बोलावून नाव, गाव व बोटांचे ठसे घ्यावयाचे. आणि पुरी झालेली वही जिल्हा पोलीस सुपरिंटेंडेंटच्या ताब्यात द्यावयाची. ज्याचे नाव वहीत गेले त्याच्यावर ठराविक वेळी हजेरी देण्याचे, राहण्याची जागा कळविण्याचे, विशिष्ट हद्दीबाहेर न जाण्याचे बंधन घालता येई. पुन्हा गुन्हा शाबीत झाला तर त्यास इतरांपेक्षा अधिक कडक शिक्षा ठेवलेली होती.

येथे हे लक्षात येते की, ही वही गुन्ह्यांची नव्हती, ती माणसांची होती. वहीत नाव जाण्यास कोणताही गुन्हा शाबीत व्हावा लागत नसे. जन्म पुरेसा होता. दोषसिद्धीच्या नोंदीस तिची स्वतःची तारीख, कलम आणि न्यायालय असते, म्हणून अपिलात ती रद्दही होऊ शकते. जन्माच्या नोंदीस अपील कोठे करणार?

तथापि कायद्यात नाव काढण्याची वाट मुळीच नव्हती असे नाही. नोंदीविरुद्ध गाऱ्हाणे असल्यास मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करावी व त्याने योग्य वाटल्यास नाव राखावे, घालावे अथवा खोडावे, अशी तरतूद १८७१ पासूनच होती. वही पोलिसांच्या ताब्यात गेल्यावर मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय तीत नाव घालता अथवा काढता येत नसे. म्हणजे 'खोडणे' हा शब्द कायद्याच्या मजकुरात होता. परंतु तो हक्क म्हणून नव्हता, अधिकाऱ्याची मेहेरबानी म्हणून होता. ज्या मनुष्याने नोंदणीसाठी आलेली नोटीस वाचता येत नाही म्हणून दुसऱ्याकडून ऐकली, त्याने लेखी तक्रार घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी जावे, आणि तेही गाव सोडण्यास परवाना लागत असता, ही अपेक्षा कागदावरच शोभणारी होती.

इंग्रजी मुलखाबाहेर याच सुमारास एक वेगळे पाऊल पडले. कोल्हापूर संस्थानात शाहू छत्रपतींनी १९१८ मध्ये महार, मांग, रामोशी, बेरड आदी जातींवरील हजेरीची पद्धत बंद केली. संस्थानिकाच्या एका हुकमाने जे झाले ते मुंबई प्रांतात होण्यास आणखी एकतीस वर्षे लागली.

मुंबई प्रांतात या कायद्याच्या अंमलबजावणीवर ओ. एच. बी. स्टार्ट या आय. सी. एस. अधिकाऱ्याची छाप आहे. सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग इत्यादी ठिकाणी उभ्या राहिलेल्या वसाहती, ज्यांस लोक नुसते 'सेटलमेंट' म्हणत, त्याच्या देखरेखीखाली चालल्या. गिरण्यांत मजुरी, मुलांस शाळा आणि रात्री तारेच्या कुंपणात हजेरी असे त्यांचे स्वरूप होते. सोलापूरची वसाहत काही काळ अमेरिकन मराठी मिशनने चालविली. या मिशनचे अहमदनगरमधील कार्य १८३१ पासूनचे. पुढे दलित वर्ग व आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करणारी जी समिती १९२८ मध्ये नेमली गेली तिचा अध्यक्ष हाच स्टार्ट होता आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे एक सभासद होते. स्टार्ट हा निर्दय अधिकारी होता असे म्हणता येणार नाही. सुधारणेवर त्याचा विश्वास होता. परंतु सुधारणा झाली की नाही हे ठरविण्याचे साधन पुन्हा तीच वही होती. गैरहजेरीचा एक शेरा वर्षांच्या चांगल्या वागणुकीस पुरून उरे.

१९३७ मध्ये बाळ गंगाधर खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले आणि कन्हैयालाल मुनशी यांच्या अध्यक्षतेखाली या कायद्याच्या चौकशीसाठी समिती नेमली गेली. युद्धामुळे व मंत्रिमंडळाच्या राजीनाम्यामुळे प्रश्न रेंगाळला. १९४६ मध्ये खेर पुन्हा मुख्य मंत्री झाले, गृहखाते मोरारजी देसाई यांच्याकडे आले आणि गोष्टी वेगाने घडल्या. त्यांचा क्रम मात्र विचार करण्याजोगा आहे. प्रथम १९४७ मध्ये सराईत गुन्हेगारांवर निर्बंध घालणारा मुंबईचा स्वतंत्र कायदा झाला. गुन्हेगार जमातींचा कायदा त्यानंतर, १९४९ मध्ये, रद्द झाला. जुने दार लावण्यापूर्वी नवे उघडून ठेवले गेले. दार तेच होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. नव्या कायद्याचा आधार जन्म नसून वारंवारची दोषसिद्धी हा होता, आणि न्यायशास्त्राच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. पण वही, ठसे, हजेरी आणि हालचालींवरील बंधन ही साधने ओळखीची होती, ती वापरणारा वर्ग तोच होता, आणि ज्या माणसांविरुद्ध दोषसिद्धीचे कागद हाताशी तयार होते ती माणसे बहुतांशी जुन्या वहीतलीच असणे स्वाभाविक होते. पंचवीस-तीस वर्षे ज्याच्यावर रोज नजर आहे, हद्द ओलांडली एवढ्यावरून ज्यास शिक्षा होऊ शकते, त्याच्या नावावर शिक्षांची संख्या इतरांपेक्षा अधिक भरेल यात नवल नाही. म्हणजे जन्माच्या नोंदीने दोषसिद्धीची नोंद वाढविली आणि नव्या कायद्याने ती दुसरी नोंद प्रमाण मानली.

केंद्र सरकारने १९४९ मध्येच अनंतशयनम् अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने कायदा रद्द करावा आणि त्याच्या जागी जातीचा विचार न करता सराईत गुन्हेगारांस लागू होणारा कायदा असावा अशी शिफारस केली. त्यानुसार १९५२ चा चोविसावा कायदा झाला. तो अत्यंत आटोपशीर आहे: १९२४ चा कायदा व त्यासारखे इतर कायदे रद्द होत आहेत, एवढाच त्याचा गाभा. जिल्ह्याजिल्ह्यांतून साठलेल्या नोंदवह्यांचे, ठशांच्या कागदांचे, हजेरीच्या पुस्तकांचे काय करावयाचे याविषयी त्यात स्वतंत्र तरतूद नाही. अशा वेळी सर्वसाधारण नियम लागू होतो, आणि तो नियम, केंद्रीय कायद्यांपुरता १८९७ च्या सामान्य वाक्खंड अधिनियमाच्या सहाव्या कलमात व मुंबईच्या कायद्यांपुरता १९०४ च्या अधिनियमाच्या सातव्या कलमात, असा की, निरसनामुळे पूर्वी त्या कायद्यान्वये रीतसर झालेल्या गोष्टींस बाध येत नाही. मालमत्तेचे व कराचे व्यवहार अधांतरी राहू नयेत म्हणून केलेला हा शहाणपणाचा नियम आहे. येथे त्याचा परिणाम वेगळा झाला. पूर्वी झालेली नोंद 'रीतसर झालेली गोष्ट' होती. तिचा पुढील कायदेशीर उपयोग थांबला, पण ती झालीच नव्हती असे कोणी म्हटले नाही.

कैद्यांची ओळख पटविण्याचा १९२० चा कायदा याच्याशी ताडून पाहण्याजोगा आहे. त्यात, पूर्वी शिक्षा न झालेला जो इसम खटल्याविना सुटेल अथवा निर्दोष ठरेल त्याची मापे व छायाचित्रे नष्ट करावीत अथवा त्याच्या स्वाधीन करावीत, अशी तरतूद होती. म्हणजे आरोप ठेवून मुक्त झालेल्यास आपले ठसे परत मिळण्याची सोय होती. ज्याच्यावर कधी आरोपच झाला नाही, ज्याचे ठसे केवळ जमातीमुळे घेतले गेले, त्यास ती नव्हती. कारण तो निर्दोष ठरण्याचा प्रसंगच आला नव्हता.

पोलिसांच्या हाती आणखी दोन साधने होती, आणि ती १९४९ च्या फेऱ्यात आलीच नाहीत. भारतीय दंडसंहितेच्या पंच्याहत्तराव्या कलमाप्रमाणे काही वर्गांच्या गुन्ह्यांत पूर्वीची दोषसिद्धी वाढीव शिक्षेचे कारण होई. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या एकशे दहाव्या कलमाप्रमाणे सराईत म्हणून समजल्या जाणाऱ्या इसमाकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन घेता येई, आणि तो इसम सराईत आहे हे सर्वसाधारण लौकिकाच्या पुराव्यानेही शाबीत करता येई. खुद्द पुराव्याच्या कायद्यात आरोपीची वाईट वर्तणूक सामान्यतः ग्राह्य धरीत नाहीत, हे लक्षात घेता हा अपवाद किती मोठा आहे ते कळते. लौकिक कोणाचा व कोणी सांगावयाचा? गावचा पोलीस पाटील, शेजारी आणि ठाण्याचा अंमलदार यांनी. आणि अंमलदाराला तो कोठून कळणार, तर ठाण्यातल्या गावनिहाय गुन्हे-नोंदवहीतून आणि माणसागणिक ठेवलेल्या हिस्ट्री शीटमधून. ही दप्तरे विधिमंडळाच्या कायद्याने निर्माण झालेली नव्हती. ती पोलीस खात्याच्या नियमपुस्तिकेवर चालत. म्हणून विधिमंडळाच्या निरसनाने ती बंदही पडली नाहीत. एकशे दहावे कलम १९७३ च्या संहितेत त्याच क्रमांकाने राहिले आणि २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेत एकशे एकोणतिसावे झाले. पंच्याहत्तरावे कलम त्याच वर्षीच्या न्याय संहितेत तेरावे झाले. भागोजी नाईकाकडून मागितलेला जामीन आणि आजची कारवाई यांत पावणेदोनशे वर्षांचे अंतर आहे, पण वंशावळ एकच आहे.

दोषसिद्धीची नोंद माणसास नेहमी खालीच ओढते असेही नाही, आणि याचा दाखला अहमदनगर जिल्ह्यातच मिळतो. श्रीगोंदे तालुक्यातील विसापूर येथे कायदेभंगाच्या चळवळीतील सत्याग्रही मोठ्या संख्येने डांबले गेले होते. गुजरात व महाराष्ट्र या दोन्ही बाजूंचे लोक तेथे आले. त्यांच्याही नावावर शिक्षा चढल्या, त्यांच्याही नोंदी कारागृहाच्या पुस्तकात झाल्या. १९३५ च्या कायद्याप्रमाणे दोन वर्षे वा अधिक शिक्षा झालेला मनुष्य सुटकेनंतर पाच वर्षे विधिमंडळाच्या सदस्यत्वास अपात्र असे. परंतु ती मुदत कमी करण्याचा अधिकार गव्हर्नरास होता. स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९७२ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनाची केंद्रीय योजना आली, तेव्हा सर्वसाधारणपणे सहा महिन्यांचा कारावास ही पात्रतेची एक कसोटी ठरली आणि कारागृहाचा दाखला हा तिचा पुरावा. जी नोंद पुसली जावी म्हणून दुसऱ्या कोणी आयुष्यभर खटपट केली असती, ती सापडावी म्हणून लोक जुनी पुस्तके चाळू लागले. विसापूरच्या सत्याग्रह्याचे नाव आणि त्याच तालुक्यातील फासेपारध्याचे नाव एकाच राज्याच्या दप्तरात, सारख्याच शाईने लिहिलेले होते. नंतरच्या राज्यकर्त्यांनी एकाचा अर्थ बदलला, कारण ते स्वतः त्या नोंदीतून आले होते. पंडित नेहरू १९४२ ते १९४५ या काळात अहमदनगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध होते, आणि १९५२ चे निरसन त्यांच्याच सरकारने केले, हे खरे. तथापि निरसनाच्या कायद्यात अर्थ बदलण्याची ती काळजी दिसत नाही.

नोंदीचा परिणाम कसा संपवावा हे विधिकारांस अवगत नव्हते असे म्हणावयास जागा नाही. १९५८ च्या परिवीक्षेच्या केंद्रीय कायद्याच्या बाराव्या कलमाने परिवीक्षेवर सोडलेल्या इसमास दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होणार नाही असे ठरविले. बालकांच्या बाबतीत कायदा आणखी पुढे गेला. २०१५ च्या अधिनियमाच्या चोविसाव्या कलमात काही गंभीर प्रकरणे वगळता दोषसिद्धीचे कागद अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावेत असे आहे. इंग्लंडमध्ये १९७४ पासून ठराविक मुदतीनंतर बऱ्याच शिक्षा 'संपलेल्या' मानल्या जातात. भारतात प्रौढ माणसाच्या दोषसिद्धीसाठी तशी सर्वसाधारण तरतूद नाही. उलट ओळख पटविण्याच्या २०२२ च्या अधिनियमाने मापांच्या नोंदी पंच्याहत्तर वर्षे जपण्याची मुभा दिली. परिवीक्षेचा कायदा झाल्यानंतरच्या वर्षी, १९५९ मध्ये, द्विभाषिक मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा नवा, अधिक व्यापक कायदा केला. एकाच कालखंडात एका हाताने अपात्रता पुसणे आणि दुसऱ्या हाताने नोंदवही उघडणे यांत राज्यास विसंगती वाटली नाही. या कायद्यांचा फेरविचार व्हावा, असे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० मध्ये सुचविले, आणि बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगापासून (२००८) भिकू इदाते यांच्या आयोगापर्यंत (२०१७) हा प्रश्न पुनःपुन्हा पुढे आला.

शब्द मात्र झपाट्याने बदलले. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूचीत 'गुन्हेगार' हे विशेषण नाही. तेथे भटकेगिरी आणि भटक्या व स्थलांतर करणाऱ्या जमाती एकाच नोंदीत शेजारी बसल्या आहेत. महाराष्ट्रात थाडे समितीनंतर १९६१ मध्ये चौदा विमुक्त जाती आणि अठ्ठावीस भटक्या जमाती अशी यादी झाली. रामोशी, कैकाडी, भामटा, वडार, पाल पारधी, राज पारधी हे विमुक्तांत आले. फासेपारधी मात्र अनुसूचित जमातींत राहिले. हजेरीच्या वहीत एका पानावर असलेली माणसे कल्याणाच्या यादीत दोन वेगळ्या ठिकाणी गेली.

येथूनच एक अनपेक्षित अडचण उभी राहिली. विमुक्त जातीचा दाखला मागणाऱ्यास २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा जातीचा व वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि २००० सालच्या जात प्रमाणपत्र अधिनियमाने (२००१ चा तेविसावा) पडताळणी अधिक काटेकोर केली. ज्या कुटुंबास शेत नाही, घर नाही, शाळेचा दाखला नाही, त्याच्या आजोबाचे नाव लिहिलेले एखादे सरकारी पान असलेच, तर ते कोणते असणार? गुन्हेगार जमातींच्या नोंदवहीचे, किंवा एखाद्या शिक्षेचे. वही जाळली असती तर हा पुरावा गेला असता. न जाळता ठाण्यातच ठेवली, तर ती पोलिसी कामास येत राहिली. तिसरा मार्ग होता: नोंद पोलिसांच्या ताब्यातून काढून अभिलेखागाराच्या ताब्यात द्यावी, तिचा चौकशीत उपयोग करण्यास मनाई करावी आणि कुटुंबास तिची नक्कल मागण्याचा हक्क द्यावा. १९४९ मध्ये वा १९५२ मध्ये असा एखादा परिच्छेद कायद्यात घालणे अवघड नव्हते. सुधारकांचे लक्ष जमातीच्या नावावर होते, नावाखालच्या ओळीवर नव्हते, असेच म्हणावे लागते.

ती ओळ न्यायालयासमोर येण्यास २०२४ साल उजाडले. त्या वर्षीच्या ७ मे रोजी दिल्लीतील एका हिस्ट्री शीटच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मागास वर्गांतील लोकांविरुद्ध अशा नोंदी यांत्रिकपणे केल्या जाऊ नयेत या दृष्टीने सर्व राज्यांनी आपल्या नियमांचा विचार करावा, असे सांगितले. ३ ऑक्टोबर रोजी सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार या निर्णयात कारागृहांच्या नियमपुस्तिकांतील जातिभेदाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरल्या. विमुक्त जमातीचा मनुष्य म्हणजे सराईत गुन्हेगार असे मानणारे नियमही त्यांत होते. सराईत गुन्हेगाराची व्याख्या राज्याच्या कायद्यात असेल तीच धरावी असे न्यायालयाने ठरविले, आणि कारागृहातील कच्च्या व पक्क्या कैद्यांच्या नोंदवह्यांतून जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. हा आदेश कारागृहाच्या वहीपुरता आहे. पोलीस ठाण्यातील हिस्ट्री शीटसाठी मात्र त्या वर्षी राज्यांकडे फेरविचाराची सूचनाच गेली.